हरलो की येतो

२० ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र पोचलं. इथला पोस्टमन आमच्या फुटबॉल संघाचा कर्णधारही आहे. पाकिटावरचं अक्षर बघून तो दारातच रेंगाळला. "आत्या, दादांचं ना? वाचा की," म्हणाला. आख्खा संघ मला आत्याच म्हणतो, त्यामुळे आख्ख्या संघाला माझ्या घरातल्या गोष्टींत नाक खुपसायचा हक्क आहे असं त्यांना वाटतं. मी पाकीट एप्रनच्या खिशात टाकलं, त्याला वाटेला लावलं, आणि मग मागच्या खोलीत वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून वाचलं.

"मुलगा वीस वर्षांचा झाला. आता त्याला माझ्याकडे पाठव. लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये त्याच्यासाठी जागा ठेवली आहे." संपलं पत्र. कशी आहेस, लॉन्ड्री कशी चाललीय, गुडघा कसा आहे, काही नाही. मुलगा म्हणजे पार्सल नव्हे दादा, पण असू दे. तू शब्दांच्या बाबतीत पहिल्यापासूनच चिक्कू.

मी पत्र पोराच्या हातात दिलं. तो इस्त्री करत होता. त्याने हातातला शर्ट पुरा केला, घडी घातली, मग पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, "बाबांना कळव, हरलो की येतो. कपमधून बाहेर पडलो की दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. तोवर संघाला दुसरा गोलकीपर नाही."

राष्ट्रीय कप म्हणजे काय हे तुला सांगायला नको. याच संघाच्या गोलमध्ये तूही उभा राहायचास. देशातले लहानमोठे सगळे संघ उतरतात, जिंकला तो पुढे, हरला तो घरी, दुसरी संधी नाही. आणि आमचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी येतो, हे तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेव्हा दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे. अंथरूण तयार ठेव. पायांकडून लांब लागतं त्याला.

माझी काही हरकत नाही. सायकलवरून कपडे पोचवायला दुसरा माणूस मिळेल. पोराला दारात उभं करून तू म्हणाला होतास, "थोडे दिवस सांभाळ." ते थोडे दिवस जरा लांबले इतकंच. तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि वहिनीला जाऊन महिनाही झाला नव्हता. तुझी चीज होती, तू मागितलीस, विषय संपला.

फोन करणार होते. पण फोनवर तू "हं" आणि "बरं" याच्यापुढे जात नाहीस, आणि मग मीच दोघांचं बोलत बसते.

तुझी धाकटी

१० सप्टेंबर

दादा,

जरा घोळ झालाय. आम्ही जिंकलो.

समोर खत कारखान्याचा संघ होता. त्यांच्याच एका धिप्पाड खेळाडूने डोक्याने चेंडू आपल्याच गोलमध्ये घातला आणि नंतर बराच वेळ डोकं धरून बसला. त्यावर एक-शून्य. पोस्टमन सांगतो की आमच्याकडून गोलच्या दिशेने एकही धड फटका गेला नाही. पण कपात असं कोणी विचारत नाही. आम्ही दुसऱ्या फेरीत.

तेव्हा अजून थोडं थांबावं लागेल तुला. पोराने शब्द दिलाय, त्यात मी काही करू शकत नाही. त्याला संघात बोका म्हणतात, लहानपणी लॉन्ड्रीच्या गठ्ठ्यांवर झोपायचा म्हणून. तो आला, मोजे बादलीत टाकले आणि म्हणाला, "आत्या, बाबांना कळवशील ना?" कळवते म्हटलं.

मला आनंद वगैरे झाला असं नाही. त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाची कॉलर जाळली हे खरं. इस्त्री जास्त तापली होती.

तुझी धाकटी

९ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "हे मुद्दाम चाललंय का?" असं तू विचारलंस. कार्डावर विचारलंस म्हणजे पोस्टमनने वाचलं, म्हणजे पूर्ण संघाने वाचलं. आमचे मास्तर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, शाळेत भूगोल शिकवतात. ते म्हणाले, "मुद्दाम जिंकता आलं असतं तर एवढी वर्षं कशाला थांबलो असतो?" त्यांचं बरोबर आहे.

पण आम्ही पुन्हा जिंकलो. दोन-शून्य. न्हाव्याने दोन्ही गोल मारले. तो आमचा पुढचा खेळाडू, आणि आता त्याच्या दुकानात दाढीला बसलं की दोन्ही गोल पहिल्यापासून ऐकावे लागतात. गालावर वस्तरा असल्यामुळे कोणाला उठून जाता येत नाही.

मी मॅच बघत नाही हे तुला लिहिलं नव्हतं. तुझ्याही मॅच मी कुठे बघायचे? तू गोलमध्ये असलास की मी पटांगणाच्या भिंतीमागे जाऊन उभी राहायचे. आता मी लॉन्ड्रीत थांबते आणि सगळी मशिनं लावते म्हणजे बाहेरचा आरडाओरडा ऐकू येत नाही. मग संघाचे कपडे धुवायला येतात आणि मॅच काय झाली ते मला कपड्यांवरून कळतं. ज्याच्या गुडघ्यांवर गवताचा हिरवा डाग, तो पळाला. ज्याची पाठ मळलेली, तो पडला. ज्याचे कपडे तसेच्या तसे परत आले, त्याच्याकडे मी जरा रोखून बघते.

दादा, एक खरं लिहू का? कार्ड वाचून मला राग आला आणि मग राग गेला. तू तिथे अंथरूण घालून वाट बघतोयस. मी इथे प्रत्येक फेरीनंतर एक महिना मिळाला म्हणून कोणाचे तरी आभार मानते, कोणाचे ते माहीत नाही. त्याच्या ताटाशेजारी माझं ताट मांडते आणि मनात म्हणते, अजून एक महिना. हे तुझ्या वाट्यातून काढून घेतलेलं आहे, हे मला कळतं. पण मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. जिंकले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तुझी धाकटी

२० नोव्हेंबर

दादा,

या वेळच्या तुझ्या पत्रात तारीख, "प्रकृती ठीक", आणि त्याखाली एकच ओळ: "दुसरा गोल वाचवला तो कसा वाचवला?"

ती ओळ मी मास्तरांना वाचून दाखवली. मास्तर खडूचे हात झटकून म्हणाले, "हे दादांना कसं माहीत?" मग लक्षात आलं की तू रविवारचं वर्तमानपत्र घेऊन आतल्या पानावर बारीक अक्षरातली मॅचची हकीकत शोधत असणार. दादा, पूर्वी तू चष्मा लागला तरी कबूल करत नव्हतास.

तर ऐक. तिसरी फेरी, समोर पगारी खेळाडूंचा संघ, दोन-एकने आम्ही जिंकलो. बोक्याने वाचवलेला चेंडू उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला होता. तो म्हणतो त्याने बघितलाच नाही, हात आपोआप गेला. मास्तर म्हणतात असं फक्त तुझ्या बाबतीत बघितलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. मग वाटलं, का नाही सांगायचं? सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "बाबा चांगले होते?" मी म्हटलं, संघ वाईट होता, बाबा चांगला होता. त्यावर खूप हसला.

आता मला तुला एक विचारायचंय. इतक्या वर्षांत मी तुला काही विचारलं नाही, तेव्हा नीट वाच. बोक्याचा शर्ट धुताना माझ्या लक्षात आलंय की चिखल नेहमी उजव्या खांद्याला, उजव्या कोपराला, उजव्या कमरेला असतो. डावी बाजू पार स्वच्छ. मी आधीचे शर्ट आठवून पाहिले. कायम तसंच. आणि त्यांनी जो एक गोल आम्हाला मारला तो पेनल्टीवर, डावीकडे. पोस्टमन म्हणतो, चेंडू डावीकडे निघाला होता आणि बोका उजवीकडे. याला काही अर्थ आहे का? मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले की मी बचावाचा माणूस, गोलकीपरचं गोलकीपरला विचारा. इथे गोलकीपर कोण आहे? तो आणि तू.

पुढची फेरी आमच्याच मैदानावर आहे, पहिल्या श्रेणीच्या संघाशी. त्यांच्या बूट पुसण्याच्या फडक्याची किंमत आमच्या शर्टाहून जास्त असेल. तेव्हा बहुधा हीच शेवटची. अंथरुणाला ऊन दाखव.

तुझी धाकटी

२२ जानेवारी

दादा,

चार पानं. मोजून पाठपोट चार पानं, शेवटच्या पानावर चित्र. तुझ्या लग्नाची बातमी सुद्धा तू दोन ओळींत कळवली होतीस.

उत्तर लिहायला उशीर झाला कारण तू सांगितलंस ते करून बघायचं होतं. तू लिहिलंस, "डावा खांदा स्वच्छ असेल तर तो डावीकडे पडतच नाही. लहानपणी त्या बाजूला काहीतरी असलं पाहिजे. शोध." मी पत्र हातात घेऊन मागच्या गल्लीत गेले. तो माझ्याकडे आल्यापासून तिथेच चेंडू खेळला. भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, आणि मी कपडे वाळत घालताना एका हाताने त्याच्याकडे चेंडू फेकायचे. मी जाऊन त्याच्या जागी उभी राहिले. दादा, डाव्या हाताला बॉयलरचा वाफेचा पाइप आहे. दिवसभर धगधगीत. मी त्याला रोज ओरडायचे, "तिकडे पडू नकोस, भाजशील." शहाण्या पोराने ऐकलं, इतकंच.

मग दुकान बंद झालं की मी बॉयलर थंड करायला लागले. पाइपवर पोती गुंडाळली, वर दोरी बांधली, खाली लॉजच्या धुवायला आलेल्या चादरींचे ढीग घातले, आणि ओले टॉवेल गुंडाळून त्याच्या डावीकडे फेकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तो वाकला आणि तिथेच थांबला. पाइप थंड आहे हे त्याला माहीत होतं, अंगाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बाबांनी सांगितलंय. दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर गेला. आठवड्याभराने पडला, आणि चादरीत तोंड खुपसून हसत राहिला. तू लिहिलेलं दुसरं, की मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, त्याच्या जमिनीवर टेकलेल्या पायाकडे बघ, तेही त्याने पाठ केलं. कपडे पोचवायला गेला की लोकांच्या पायांकडे बघत बसायचा. लॉजची मालकीण मला विचारून गेली की पोराला काही होतंय का.

मॅचच्या दिवशी मी नेहमीसारखी सगळी मशिनं लावली. एक-एक बरोबरी झाली आणि पेनल्टीवर गेलं, हे मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते पोस्टमन बुटांसकट, खिळे फरशीवर वाजवत आत आला तेव्हा. त्याने माझ्यासमोर बोक्याचा शर्ट टेबलावर पसरला आणि मागे सरकून उभा राहिला.

डावा खांदा चिखलाने भरला होता. कोपर, कमर, सगळी डावी बाजू. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. तो शर्ट मी अजून धुतलेला नाही.

पेनल्टीच्या दोन किक अडवल्या त्याने, शेवटची डावीकडे. पण मला त्याबद्दल लिहायचं नाहीये. मला हे लिहायचंय की तू ती चार पानं लिहिली नसतीस तर तो आज तुझ्याकडे असता. उजवीकडे पडला असता, आम्ही हरलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत बसवलं असतं. तुला हे लिहिताना कळत होतं. तू काही भोळा नाहीस. वाट बघतोयस तूच, आणि वाट लांबेल असा सल्ला पाठवलास तोही तूच.

आपल्या घरात भावाबहिणीने आभार मानायची पद्धत नाही. पण मी मानते. हसायचं असेल तर हस.

तुझी धाकटी

१५ फेब्रुवारी

दादा,

सोडत बघितली असशीलच. आम्ही न्हाव्याच्या दुकानात टीव्हीसमोर जमलो होतो. भांड्यातून एकेक गोळा काढून उघडत होते. आमच्या नावापाठोपाठ तुझ्या शहराचा संघ निघाला आणि मॅचही तिथलीच निघाली. सगळे ओरडले, कारण एवढं मोठं स्टेडियम, एवढी माणसं. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. न्हाव्याने टीव्हीचा आवाज उगाचच कमी केला.

शेवटच्या आठ संघांत आहोत आम्ही. आणि हरलो तर पोराला परत यायचं कारणच नाही. तो तिथूनच तुझ्या घरी.

म्हणून सामान भरतेय. बूट आणि हातमोजे वेगळ्या पिशवीत, ते खेळायचे. बाकी सगळं मोठ्या बॅगेत. स्वेटर दोन, त्यातला तपकिरी टोचतो म्हणतो पण घालतो. दाढीचं सामान. त्याची जुनी उशी, कारण दुसऱ्या उशीवर त्याला झोप येत नाही आणि हे तो कोणाला सांगणार नाही. वहिनीचा फोटो मी दिला नाही, तो त्याने स्वतः भिंतीवरून काढून मधल्या कप्प्यात ठेवला. भिंतीवर चौकोन उरलाय. मी त्यावर कॅलेंडर लावणार होते, पण राहू दिलं.

त्याने मोठी बॅग बघितली आणि म्हणाला, "आत्या, आपण हरणार हे तू ठरवलंच का?" मी म्हटलं, जिंकलास तर तुझी उशी मीच उचलून परत आणेन. तोंडातून आपोआप आलं ते.

मी येतेय. संघाच्या बसने, मास्तरांच्या शेजारच्या सीटवर. मॅच बघणार आहे. या वेळी भिंत नाही आणि मशिनं नाहीत, तेव्हा तुझ्या शेजारी बसेन, आणि नाहीच बघवलं तर तुझ्या कोटाची बाही धरेन. तू लहानपणी धरू द्यायचास.

त्याने तुला शेवटचं बघितलं ते सातव्या वर्षी. तू आला होतास, तो मशिनमागे लपला, आणि तू त्यानंतर आला नाहीस. तो तेव्हा तुला घाबरला नव्हता, दादा. तू त्याला घेऊन जाशील म्हणून लपला होता. तुला हे कोणी सांगितलंच नाही, कारण तू पुढच्याच गाडीने निघून गेलास. आता तो सहा फुटांचा आहे आणि लपायला एवढं मोठं मशीन माझ्याकडे नाही.

तुझी धाकटी

१२ मार्च

दादा,

बस सुखरूप पोचली. तू विचारशील म्हणून आधी तेच लिहिलं.

मॅच तू माझ्यापेक्षा चांगली बघितलीस. मी बघितलेलं तेवढं लिहिते. पहिला अर्धा तास तू माझ्या शेजारी बसलास आणि मी तुझी बाही धरली होती. मग तू उठलास, म्हणालास, "मला बसवत नाही," आणि गेलास. मला वाटलं निघूनच गेलास. दुसऱ्या हाफमध्ये मला तू दिसलास. बोक्याच्या गोलमागे, त्यांच्या समर्थकांच्या गर्दीत, जाळीला चिकटून उभा. सगळ्यांच्या गळ्यात त्यांच्या संघाचे मफलर आणि मध्ये एकटा तू, तुझ्या राखाडी कोटात.

शून्य-शून्य राहिलं. मोठ्या संघाचे लोक आपल्याच खेळाडूंना शिव्या द्यायला लागले, तेव्हा मास्तर चक्क हसले. मग पेनल्टी. मी डोळे मिटले नाहीत. त्याने तीन अडवल्या, दोन डावीकडे. आमच्या न्हाव्याने आणि आणखी दोघांनी घालवल्या. दोन्ही बाजूंचे दहा-दहा खेळाडू मारून झाले तरी बरोबरीच. मग नियमाप्रमाणे गोलकीपरनेच मारायची वेळ आली. त्यांच्या गोलकीपरने सरळ मारून गोल केला. आणि बोका चेंडू घेऊन चालायला लागला.

तेव्हा मला एकदम कळलं, दादा. मी उभी राहिले. मास्तरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, याला हे येत नाही. इतकी वर्षं मी त्याच्याकडे चेंडू फेकला, त्याने अडवला. तू चार पानं लिहिलीस ती अडवायची. मारायचं कसं हे त्याला कोणीच शिकवलं नाही. त्याला बिचाऱ्याला त्याचा टेकलेला पाय कुठे ठेवायचा हेही माहीत नव्हतं. चेंडू बारवरून गेला, आणि मागच्या कितव्या तरी रांगेत एका बाईने तो झेलला.

पुढचं बसपाशी जे झालं ते आठवून मला बसमध्ये दोनदा हसू आलं. ड्रायव्हरने मोठी बॅग खाली काढून ठेवली होती. तू आलास, त्याच्याकडे धड बघितलंही नाहीस, बॅगेकडे बघितलंस आणि म्हणालास, "ही वर ठेवा. पेनल्टीवर गेलं ते हरणं नव्हे. कागदोपत्री बरोबरी लिहितात. याचा शब्द हरलो की येतो असा होता, हा हरलेला नाही." आणि मी, जी ऑगस्टपासून प्रत्येक फेरीला जीव मुठीत धरून बसले होते, ती मी म्हणाले, "पुढच्या फेरीत कोण खेळणार? ते. मग हरलोच. शब्द दिला तो दिला." तू बॅग वर ठेवायला लावलीस, मी खाली काढायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, मी जेवून येतो. बोका बसच्या पायरीवर, हाताला बर्फ बांधून बसला होता. म्हणाला, "तुमचं ठरलं की मला सांगा." तेव्हा तू त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलंस, आणि चहा आणतो म्हणून गेलास.

तू चहाला गेला होतास तेव्हा जे बोलणं झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितेय. तो सांगणार नाही. तुम्ही दोघं सारखेच.

मी त्याला म्हटलं, बाबाचं ऐक, चल घरी. मला वाटलं होतं त्याहून सहज म्हणाले मी ते. तो बर्फाकडे बघत होता. म्हणाला, "आत्या, आज मी पहिल्यांदा डावीकडे पडलो ना, तेव्हा गोलमागे पूर्ण स्टँड माझ्या नावाने बोंबलत होता. फक्त एक माणूस टाळ्या वाजवत होता. लोक त्याला ढकलत होते आणि तो वाजवतच होता. मी वळून बघितलं. मला चेहरा आठवत नव्हता, पण कळलं."  मग तो म्हणाला, "तुला मास्तर आहेत, पोस्टमन आहे, सगळा संघ आहे. त्यांना कोणी नाही ग. मी जातो त्यांच्याकडे. पण हरलो म्हणून नाही, हे त्यांना सांगशील?"

सांगितलं.

परत येताना मास्तर मागच्या सीटवर जाऊन झोपले, मुद्दाम. शेजारची जागा रिकामी राहू नये म्हणून पोस्टमन येऊन बसला. वारा यायला लागला तेव्हा त्याने उठून माझ्या बाजूची खिडकी लावली. आज सकाळी मी तो जानेवारीचा शर्ट धुतला. डावी बाजू चांगली निघाली, फक्त खांद्यावर पुसट डाग राहिलाय. पाइपवरची पोतीही सोडली.

आता कामाचं. तो झोपेत एक पाय पांघरुणाबाहेर काढतो, आत घालू नकोस, जागा होतो. हातमोजे गार पाण्यात धुवायचे, उन्हात नाही सावलीत वाळवायचे. तपकिरी स्वेटर टोचतो म्हणाला तरी घालायला लाव. रागावला की जास्त कामं करतो, तेव्हा भांडी चकचकीत दिसली की काहीतरी बिनसलंय समज. वर्कशॉपमधून लवकर सुटलात तर एखाद्या मैदानावर जा आणि तू गोलमध्ये उभा राहा. त्याला मारू दे. तुझे गुडघे दुखतील, पण ते शिकवायचं आपल्याकडून राहिलंय.

आणि दादा, सतरा वर्षांपूर्वी तू माझ्या दारात आलास तेव्हा तुझ्या एका हातात त्याचा हात होता आणि दुसऱ्या हातात पिशवी. आत ये म्हटलं तर आलाही नाहीस. तुझ्यावर मी पुष्कळ दिवस रागावले होते, आता ते लपवून काय करायचं. पण तू त्याला दुसऱ्या कोणाच्याही दारात उभं करू शकला असतास आणि माझ्या दारात केलंस. माझ्या घरात जे काही घडलं, हसू, आजारपणं, भांडणं, गठ्ठ्यांवरची झोप, ते सगळं त्या एका दुपारी तू पिशवीत घालून आणलंस. त्याबद्दल मी तुझे आभार मानते. मनापासून मानते.

तेव्हा तू मला जे म्हणालास तेच मी तुला म्हणते.

थोडे दिवस सांभाळ.

तुझी धाकटी